बोअरला सॉफ्टनर, नळाला आरओ? आणि मग ही कावीळ कुठून आली?

सेक्रेटरी_नाइलाजाने

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमची सोसायटी पुण्याच्या पूर्वेला, ४८ फ्लॅट, बिल्डिंगचं वय नऊ वर्षं. मी एप्रिलपासून सेक्रेटरी आहे, म्हणजे मीटिंगला वीस मिनिटं उशिरा पोचलो आणि तोवर ठराव पास झालेला. पाणी दोन प्रकारचं. नळाचं दिवसाआड दीड तास, ते प्यायला आणि स्वयंपाकाला, त्याची किचनमध्ये वेगळी तोटी आहे. बाकी सगळं बोअरचं. बोअरचं पाणी म्हणजे काय सांगू, गिझरच्या कॉईल वर्षाला एक जाते, शॉवरची भोकं टाचणीने उघडावी लागतात, बादली वाळली की आतून चुना मारल्यासारखी दिसते, आणि केस तर जाऊ द्या, आता बोलण्यासारखे उरलेले नाहीत.

सॉफ्टनरची, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या मशीनची, दोन कोटेशन्स आलीत. एक तिसरा माणूस म्हणतो सॉफ्टनर नको, मीठ नको, पाइपवर मॅग्नेट लावा, आयुष्यभर बघायला नको. कमिटीत यावरून दोन महिने भांडण चालू होतं.

त्यात ऑगस्टमध्ये सोसायटीत सहा जणांना कावीळ झाली. चार लहान मुलं. दोन्ही विंगमध्ये. आता सगळे म्हणतायत की बघा, हे बोअरच्या खराब पाण्यानेच झालं, घरोघरी आरओ लावा नाहीतर सोसायटीचा मोठा प्लांट बसवा. आमच्याकडे एक तात्या आहेत, त्यांच्या खिशात कायम टीडीएस पेन असतं, त्यांनी सगळ्यांसमोर मोजून दाखवलं. बोअर ९००. नळाचं ८५ ते १४०. म्हणजे प्यायचं पाणी फर्स्टक्लास, बोअर वाईट.

प्रश्न असा की पैसे एकदाच खर्च होणार आहेत. सॉफ्टनर की आरओ की मॅग्नेट?

चिंचवडी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मॅग्नेटवाले येतीलच.

ब्युरेट

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत, आधी ते सोडवू. मी रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे थोडं वर्गासारखं होईल, सांभाळून घ्या.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून किती आहे ते. पेन तेसुद्धा खरं मोजत नाही, ते पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघतं आणि एका ठरावीक आकड्याने गुणून तुम्हाला टीडीएस म्हणून दाखवतं. मीठ असो, चुना असो, त्याला सगळं सारखंच. जडपणा म्हणजे त्यातला फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा भाग. तुमची कॉईल खातो तो जडपणा. समुद्रापासून लांब असलेल्या बोअरचा टीडीएस ९०० असेल आणि जमीन आपली काळ्या पाषाणाची, तर जडपणाही भरपूरच असणार, पण किती ते पेन सांगणार नाही.

आणि जंतू? चमचाभर सांडपाणी बादलीत टाका, पेनचा आकडा हलणारसुद्धा नाही. गटाराशेजारच्या विहिरीचं पाणी टीडीएस १५० दाखवू शकतं आणि खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातली बोअर १८०० दाखवूनही जंतूंच्या बाबतीत स्वच्छ असू शकते.

भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ सालचं, त्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. जडपणा २०० पर्यंत चांगला, ६०० पर्यंत नाइलाज. ई-कोलाय, म्हणजे शौचातून येणारा जिवाणू, मात्र १०० मिलीत एकही नको. तिथे 'दुसरा स्रोत नसेल तर' नाही. या फरकातच बरंच काही आलं.

कुंदाताई

ब्युरेटसर, एक बाळबोध शंका. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, तिथे विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजायचीच नाही. आई डाळीसाठी म्हणून ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या विहिरीचं एक घागर पाणी वेगळं आणायची, ते कोणी तांब्याभर प्यायलं तरी ओरडा खायचा. आजी म्हणायची ते पाणी 'जड' आहे. आम्हाला वाटायचं जड म्हणजे उचलायला जड :) तर डाळ न शिजण्याचा आणि या जडपणाचा संबंध आहे का? आणि चहावर तेलकट तवंग येतो तो?

ब्युरेट

ताई, अगदी थेट संबंध. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थाने. कॅल्शियम त्या पेक्टिनला घट्ट बांधतो, मग कितीही शिट्ट्या काढा, डाळ दाणा सोडत नाही. चिमूटभर खायचा सोडा टाकला की शिजते ती त्यामुळेच, सोड्याने पेक्टिन सुटायला मदत होते. पण जास्त टाकला तर चव जाते आणि ब जीवनसत्त्वही. चहावरचा तवंगसुद्धा तेल नव्हे, चहातले पदार्थ आणि कॅल्शियम मिळून झालेली साय आहे. लिंबू पिळलंत तर गायब होते.

आणि घरी जडपणा बघायचाय तर पेन नको. झाकणाच्या बाटलीत अर्धं पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा किसलेला तुकडा टाका, लिक्विड डिटर्जंट नाही कारण तो जड पाण्यातही फेसाळतो. जोरात हलवा. मऊ पाण्यात वर फेस राहतो आणि खाली पाणी स्वच्छ दिसतं. जड पाण्यात फेस नाही, नासलेल्या दुधासारखे पांढरे कण तरंगतात. ते कणच तुमच्या बाथरूमच्या टाइल्सवर बसतात. साबण आधी कॅल्शियमवर खर्ची पडतो, उरला तर तुमच्या अंगाला लागतो.

अनामिक_१७

वाखुसा (वाचनखूण साठवली).

सेक्रेटरी_नाइलाजाने

साबणाचा प्रयोग आत्ताच केला. बोअरचं पाणी ताक झालं. बायकोने बाटली बघून विचारलं हे काय, म्हटलं धागा.

जुना_मेंबर

आम्ही वीस वर्षं पाणी उकळूनच पितो. उकळल्यावर खाली पांढरा गाळ बसतो म्हणजे घाण निघून जाते. बाकी सगळे कंपन्यांचे धंदे आहेत.

ब्युरेट

उकळता ते उत्तमच. पण तो पांढरा गाळ घाण नव्हे. पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, खाली बसतो. याला तात्पुरता जडपणा म्हणतात. गिझरमध्ये हेच होतं, फक्त तिथे तो कॉईलवर बसतो आणि कोणी गाळून टाकत नाही. सल्फेट आणि क्लोराइडचा जडपणा मात्र कितीही उकळा, जात नाही, तो कायमचा. किटलीतला थर काढायला लिंबूसत्त्व टाकून गरम पाणी तासभर ठेवा, खडखडीत स्वच्छ होते.

ओपीडी_नंतर

मी डॉक्टर आहे, पण हा वैद्यकीय सल्ला समजू नका, तपासणारा डॉक्टर म्हणेल तेच करा.

मला धाग्याचा उत्तरार्ध जास्त काळजीचा वाटतोय. सॉफ्टनर सहा महिने थांबला तर आभाळ कोसळणार नाही. पाण्यातून येणारी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, दोन्ही विषाणू, दोन्ही शौचातून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात. लहान मुलं जास्त आहेत म्हणजे ए असण्याची शक्यता आहे, पण रिपोर्ट बघा, अंदाजावर जाऊ नका. ई असेल तर सोसायटीतल्या गरोदर बायकांना आजच सांगा, शेवटच्या महिन्यांत तो जिवावर बेततो.

दुसरं. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात, ई मध्ये आणखी थोडे जास्तही. ऑगस्टमध्ये सहा जण आजारी पडले तर पाणी खराब झालं ते जुलैच्या आसपास. तुम्ही आज जे पाणी मोजताय ते ते पाणी नव्हेच. जुलैमध्ये काय झालं होतं? पाऊस, टाकी धुणं, पाइप फुटणं, काही आठवतं का?

तिसरं. जडपणाने कावीळ होत नाही. मुतखड्याचाही थेट संबंध दाखवता आलेला नाही, माणूस पाणी कमी पितो हे मोठं कारण. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादाच ठरवलेली नाही.

जुना_मेंबर

डॉक्टर, पण उकळायचं किती? आमची आई वीस मिनिटं सांगायची.

ओपीडी_नंतर

खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. वीस मिनिटांत फक्त गॅस जातो. पण उकळल्यावर ज्या भांड्यात ओतता आणि ज्या हाताने पेला बुडवता तिथेच बहुतेक घरं हरतात. ओगराळं वापरा किंवा तोटीचं पिंप.

चिंचवडी

टीडीएस पेनवाल्या तात्यांना एक सलाम. आमच्याकडेही एक आहेत, ते लग्नाच्या जेवणात पाणी मोजतात.

टीसीएल_आप्पा

राम राम. मी लातूरकडच्या एका ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे, अकरा वर्षं झाली. तुम्ही शहरातले लोकं लाखाच्या मशिनी विचारायलेत पण एक साधी गोष्ट कुणीच विचारली नाही. टाकीत क्लोरीन किती आहे?

ओटी टेस्ट करा. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन दाखवणारं औषध. मेडिकलला किंवा आरोग्य केंद्रात ओटीची बाटली मिळते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, चार-पाच थेंब टाकायचे, लगेच बघायचं. पिवळं झालं तर क्लोरीन हाय, नाही झालं तर नाही. लगेच बघायचं म्हणजे लगेच, चहा पिऊन येऊन बघितलं तर कशालाही पिवळं दिसतं. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, तोंडाला लावायचं नाही. घरातल्या शेवटच्या नळाला लिटरला कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम पाहिजे.

आमच्याकडं पावसाळ्याच्या आधी गावाची तपासणी होते, विहिरीभोवती उकिरडा हाय का, पाइप गटारीतून गेलाय का, टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, साठा हाय का. त्याच्यावर लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. आमचं सलग हिरवं हाय. तुमच्या सोसायटीला कार्ड द्यायचं म्हणलं तर कोणतं मिळंल ते तुम्हीच बघा, राग मानू नका.

टीसीएल टाकायचं गणित सोपं हाय. ३३ टक्क्यांची चांगली पावडर असंल तर हजार लिटरला ५ ग्रॅम. पण ती थेट टाकीत ओतायची नाही, खाली चुन्याचा थर बसतो आणि वरचं पाणी तसंच राहतं. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, थोडा वेळ ठेवायची, गाळ खाली बसला की वरची निवळी टाकीत सोडायची, अर्धा ते एक तास थांबायचं, मग पाणी सोडायचं. पोतं उघडं राहिलं, दमट झालं, गोळे झाले की क्लोरीन उडून गेलेला असतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकून उपयोग नाही, नुसता चुना.

ब्युरेट

आप्पा, सलाम. हे माझ्या वर्गात कधी इतकं नीट सांगून झालं नव्हतं. दोन गोष्टी जोडतो. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन आधी त्या गाळावर खर्च होतो, म्हणून पावसाळ्यात आधी तुरटी, मग क्लोरीन. तुरटी जंतू मारत नाही, कणांना एकत्र बांधून खाली बसवते, पूर्वी निवळीचं बी उगाळून हेच करायचे. आणि पाण्याचा पीएच ८ च्या वर गेला तर क्लोरीनचा जोर बराच कमी होतो, बोअरच्या पाण्यात हे होऊ शकतं.

विस्कॉन्सिनकर

अमेरिकेतून थोडं अवांतर. मी मिलवॉकीजवळ राहतो. इथे १९९३ च्या मार्च-एप्रिलमध्ये शहराच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू पसरला, अंदाजे चार लाख लोकांना जुलाब झाले. फिल्टर, क्लोरीन, सगळं होतं. पण त्या जंतूचं कवच असं असतं की नेहमीच्या क्लोरीनला तो दाद देत नाही, आणि त्या दिवसांत एका प्लांटच्या फिल्टरमधून निघणाऱ्या पाण्याची गढूळता वाढली होती तिकडे वेळेत लक्ष गेलं नाही. इथले जुने शेजारी अजून त्या आठवड्याच्या गोष्टी सांगतात, टॉयलेट पेपर संपलेला वगैरे. सांगायचं काय तर क्लोरीन हवाच, पण 'क्लोरीन आहे म्हणजे झालं' असंही नाही.

ओपीडी_नंतर

आणि हे आपल्याकडेही झालंय. दिल्ली, १९५५-५६. पुरानंतर यमुनेने पात्र बदललं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वझिराबादला शहरासाठी पाणी उपसतात तिथपर्यंत पोचलं. तिथल्या लोकांच्या लक्षात आलं, त्यांनी क्लोरीन वाढवला. त्यामुळे टायफॉइड, हगवण वाढली नाही. पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. बॅक्टेरिया मेले, विषाणू वाचले. पुढे कित्येक वर्षांनी साठवलेले नमुने तपासल्यावर तो हिपॅटायटिस ई होता हे कळलं.

पुण्याचं ताजं सांगायचं तर जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या बाजूला गिया-बारेचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. पाण्याचा विषय तेव्हा घराघरात निघाला आणि मग उन्हाळा आला, विसरलो.

वऱ्हाडी_मिरची

राजेहो, तुमचं ९०० वाचून हसू आलं. आमच्याइकडं पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-बुलडाणा-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यात हजाराच्या वरचं पाणी लय गावात हाय. चहात मीठ टाकाचं काम नाही. साबण घासून घासून हात दुखते पण फेस काही निघत नाही. आमच्यासाठी आरओ म्हणजे चैन नाही, गरज हाय. पण ज्याच्याइकडं धरणाचं ८५ चं पाणी येते त्यानं आरओ काहून लावावा ते सांगा. अन् यवतमाळकडं फ्लोराइडचा तरास हाय, तिथं पाणी चवीला गोड लागते अन् पोरायचे दात पिवळे होते. म्हणून चवीवर जाऊ नका.

सेक्रेटरी_नाइलाजाने

मंडळी, इतकं सगळं येईल वाटलं नव्हतं. आप्पांची पोस्ट वाचून सकाळीच ओटीची बाटली आणली. कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर चौघेजण बघायला आले, त्यात तात्या.

नळाची लाइन गेटजवळ जिथे आत येते तिथलं पाणी : हलकं पिवळं, तक्त्यावर ०.३ शी जुळलं.
आमच्या खालच्या टाकीतलं प्यायचं पाणी : काही नाही. पांढरं शुभ्र. परत केलं, परत काही नाही.

तात्या म्हणाले, पण टीडीएस तर बरोबर आहे!

टीसीएल_आप्पा

म्हणजे तुमच्या टाकीत क्लोरीन कोणीतरी खायलंय.

ब्युरेट

थांबा. मला पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य टोचत होतं. 'नळाचं ८५ ते १४०'. धरणाचं पाणी इतकं वरखाली होत नाही हो. पावसाळ्यात थोडं बदलेल, पण ८५ चं १४० आणि परत ८५, असं नाही. तात्या आकडे कुठे लिहून ठेवतात का? तारीख-वेळेसकट?

चिंचवडी

तात्यांकडे वही असणारच. पैज.

सेक्रेटरी_नाइलाजाने

वही आहे. दोनशे पानी, कव्हर घातलेली, आधीच्या पानांवर दुधाचा हिशोब. तात्यांनी दीड वर्षाचे आकडे लिहिलेत, सकाळ-संध्याकाळ. मी काल रात्री अकरापर्यंत त्यांच्याकडे बसून उतरवून घेतले, काकूंनी दोनदा चहा दिला.

आणि खरंच त्यात एक लय आहे. ज्या दिवशी नळ येतो त्या संध्याकाळी प्यायच्या टाकीचा आकडा ८५-९०. दुसऱ्या दिवशी सकाळी १०५ च्या आसपास. रात्री, टाकी तळाला गेली की १३०-१४०. मग परत नळ येतो, परत ८५. गेल्या वर्षीची पानं बघितली तर तिथे दिवसभर ८५-९०च. हे वरखाली सुरू झालंय यंदाच्या जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून.

तात्यांना वाटायचं पेनचा सेल उतरलाय. दोनदा बदलला म्हणे.

ओपीडी_नंतर

जूनचा शेवट. कावीळ ऑगस्टमध्ये. हिशोब बसतोय.

ब्युरेट

तुमची खालची टाकी एकच आहे का, मध्ये भिंत घालून दोन भाग केलेली? एका बाजूला बोअर, एका बाजूला नळ?

सेक्रेटरी_नाइलाजाने

हो. एकच मोठी, मध्ये भिंत. प्यायची बाजू २० हजार लिटर. बोअरच्या बाजूला बॉलकॉक आहे, ती कायम भरलेली असते.

ब्युरेट

मग ती भिंत झिरपतेय. प्यायची बाजू भरलेली असते तेव्हा दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी, काही जात नाही. ती रिकामी होत जाते तसा बोअरच्या बाजूचा दाब वाढतो आणि पाणी इकडे येतं, शिवाय इकडे पाणी कमी उरलेलं म्हणून आकडा भराभर चढतो. ८५ च्या पाण्यात ९०० चं मिसळून १४० व्हायला पावणेसात टक्के मिसळावं लागतं.

हा नुसता माझा तर्क आहे, तपासून बघू. उद्या तीन नमुने घेऊन माझ्या जुन्या कॉलेजात या, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. गेटचं, बोअरचं, आणि रात्री टाकी तळाला गेल्यावरचं. बोअरच्या बाजूचं जंतूंसाठी वेगळं द्या, पण ते कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत नेऊ नका. लॅबकडून निर्जंतुक बाटली घ्या, तोटी आधी ज्योतीने शेकवा, बाटली बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.

मॅग्नेट_वापरकर्ता

विषय भरकटला म्हणून सांगतो, आमच्या सोसायटीत मॅग्नेटिक कंडिशनर लावून दोन वर्षं झाली, खूप फरक आहे.

वऱ्हाडी_मिरची

काय फरक? मोजला का साबणानं?

मॅग्नेट_वापरकर्ता

जाणवतो.

ब्युरेट

लोहचुंबकाने कॅल्शियम पाण्यातून निघून जात नाही. जडपणा आधी जितका तितकाच नंतर, टायट्रेशनने, म्हणजे थेंब थेंब रसायन सोडून मोजलं की, पाच मिनिटांत दिसतं. विकणारेही खोदून विचारलं तर म्हणतात, जडपणा कमी होत नाही, थर कमी बसतो. मग दोन सारखे गिझर, एकाला मॅग्नेट, एकाला नाही, वर्षाने कॉईल काढून वजन करा आणि मला दाखवा. आजवर कोणी दाखवलं नाही.

मॅग्नेट_वापरकर्ता

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सेक्रेटरी_नाइलाजाने

लॅबचा वृत्तांत. सरांनी टायट्रेशन स्वतः माझ्याकडून करून घेतलं, बारावीनंतर पहिल्यांदा ब्युरेट हातात धरली. ५० मिली पाणी, त्यात बफर, त्यात चिमूटभर काळी पूड, पाणी एकदम द्राक्षाच्या सरबतासारखं लालजांभळं. मग वरून ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधणारं रसायन, थेंब थेंब. गेटच्या पाण्याला २ मिलीतच लख्ख निळं झालं, मी दचकून तोटी बंद केली. बोअरच्या पाण्याला मात्र सोडतोय सोडतोय, लाल ते लालच, सर म्हणाले घाई नका करू, आता थेंबावर या, आणि २९ मिलीला एका थेंबात निळं. वीसने गुणायचं. गेट ४०, बोअर ५८०. तिसरी बाटली, रात्रीच्या टाकीची, ३.८ मिली. म्हणजे ७६.

सरांनी कागदावर मांडलं, ४० आणि ५८० मिसळून ७६ व्हायला किती लागतं. पावणेसात टक्के. पेनाने जे आलं तेच.

बोअरचं नायट्रेट ७२ निघालं, मर्यादा ४५ ची आहे. आणि जंतूंचा रिपोर्ट आज आला, बोअरच्या बाजूला ई-कोलाय आहेत.

ओपीडी_नंतर

नायट्रेट आणि ई-कोलाय दोन्ही म्हणजे आजूबाजूचं सांडपाणी जमिनीत मुरतंय, कुठून ते शोधा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ कोणाकडे असेल तर वरच्या दुधाला हे पाणी अजिबात नको, आणि इथे उकळूनही भागत नाही, नायट्रेट उडत नाही, उलट पाणी आटून वाढतं. भिंत दुरुस्त होईपर्यंत तयार जार आणा. बाकीच्यांनी प्यायचं पाणी उकळून.

टीसीएल_आप्पा

टाकी रिकामी करून घासून घ्या. मग भरून जोरदार डोस द्या, २० हजार लिटरला ३ किलो टीसीएल, रात्रभर ठेवा, वरच्या टाक्या आणि पाइपातनंबी फिरवा, मग सगळं ओतून द्या. हे पाणी कोणी प्यायचं नाही, झाडाला घालायचं नाही. त्याच्यानंतर रोजचा डोस ओटी बघून, नळाच्या पाण्यात आधीच थोडा क्लोरीन असतो तर तुम्हाला ५ ग्रॅमच्या हिशोबापेक्षा कमी लागंल.

आणि एक लय महत्त्वाचं. टाकी धुणारी पोरं पांढरा थर काढायला अ‍ॅसिड घेऊन येतात. अ‍ॅसिड आणि टीसीएल एकत्र आलं की क्लोरीन गॅस सुटतो. बंद टाकीत माणूस वर येत नाही. अ‍ॅसिड वापरूच देऊ नका, आणि आत माणूस असताना झाकणावर दुसरा पाहिजे म्हणजे पाहिजे.

कुंदाताई

मग आरओचं काय करायचं? आमच्याकडेही धरणाचंच पाणी आहे आणि आरओ आहे, आता काढू का?

ब्युरेट

ताई, ८५ च्या पाण्याला आरओ म्हणजे आहेत ते चार क्षारही काढून टाकायचे आणि घरगुती मशीनमध्ये एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडायचं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खालच्या टीडीएसला आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं ते यासाठीच. यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं मशीन पुरे, पण पाणी नितळ हवं, गढूळ पाण्यात प्रकाश कणांमागे लपलेल्या जंतूपर्यंत पोचत नाही. आणि यूव्ही झाल्यावर पाण्यात राखणदार म्हणून काही उरत नाही, त्यामुळे ते साठवायचं नाही.

सेक्रेटरीसाहेब, सॉफ्टनर घेतलात तर फक्त गिझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनला घ्या, फ्लशला मऊ पाणी कशाला? सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो, त्यामुळे तात्यांचं पेन ९०० च्याच आसपास दाखवेल, तेव्हा सॉफ्टनर चालत नाही म्हणून भांडू नका. तुमच्या ५८० जडपणाला लिटरमागे २६५ मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम येईल. ते प्यायचं नाही, बीपीवाल्यांनी तर नाहीच, आणि कुंड्यांनाही नको.

सेक्रेटरी_नाइलाजाने

शेवटचा अपडेट. काल टाकी रिकामी केली, अ‍ॅसिड नाही, वर दोन माणसं. भिंतीत तळापासून वीतभर वर पांढऱ्या क्षाराची एक आडवी रेघ, त्यातून खडूच्या मिशा लोंबत होत्या, म्हणजे बोअरच्या पाण्यानेच स्वतःची वाट आखून ठेवलेली. प्लंबरने हात लावला तर ओली. चेंबर उघडलं तर बोअरच्या केसिंगपासून आठ फुटांवर ड्रेनेजचा पाइप सांध्यात निखळलेला, जूनमध्ये पार्किंगचे पेव्हर बदलले तेव्हा रोलर तिथूनच फिरला होता. भिंतीवर आता ग्राउटिंग चालू आहे आणि पुढच्या वर्षी प्यायची टाकी पूर्ण वेगळी करायचा ठराव टाकलाय.

मुलं बरी आहेत, एक अजून शाळेत जात नाही, पण खातेय. रिपोर्ट ए चेच आले.

तात्यांनी सकाळी वही उघडून दाखवली. पट्टीने नवीन कॉलम आखलाय, वर लिहिलंय 'ओटी'.

कुंदाताई

आणि सॉफ्टनर?

सेक्रेटरी_नाइलाजाने

पुढच्या मीटिंगला. कोरम झाला तर.